पेरलंच नाही, तर किती?

देवरी,
१४ डिसेंबर, रविवार संध्याकाळ

प्रिय आई,

फार दिवस गप्प राहिले, रागावू नकोस. तेरवीचे पाहुणे गेल्यावर तुला लिहायला बसले होते, पण तारखेच्या पुढं हात सरकला नाही. रोजच्या डायरीचंही तसंच झालं. इतकी वर्षं झोपण्याआधी चार ओळी लिहिल्याशिवाय न राहणारी मी, आणि ऑगस्टपासून पानं कोरी आहेत. काहीही लिहायचं तर आधी 'आई गेली' हे लिहावं लागलं असतं, आणि ते मला माझ्या अक्षरात बघायचं नव्हतं. ही सबब आहे का? थोडी आहे. पण खोटी नाही.

आज लिहिते आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. कुठला प्रश्न ते तुला सांगायला नको. जाता येता, फोनवर, अगदी माझी बस सुटता सुटताही विचारायचीस तो. उत्तर सापडलं आणि सांगायला तू नाहीस, हे काय गं?

आणि सरितेबद्दलही सांगायचं आहे. तुझी सून तुझ्यामागं कशी राहते आहे, ते तुला कळायला हवं.

माझी दहावीची परीक्षा आठवते? आमगावच्या केंद्रावर तू मला घेऊन आली होतीस. फाटकाच्या आत पालकांना सोडत नव्हते. तू बाहेर उन्हात पेपर संपेपर्यंत उभी राहिलीस, आणि मी बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे विचारलंच नाहीस. विचारलंस काय, तर बेंचवर माझा नंबर खरंच चिकटवला होता का, आणि कशानं चिकटवला होता. मी म्हटलं, खळीनं. 

तुझं नाव सातवीनंतर शाळेतून काढलं होतं, धानाच्या रोवणीला घरात हात कमी पडत होते म्हणून. ते मला माहीत होतं. पण तुला बेंचवर तुझा नंबर चिकटलेला पाहायचा आहे, हे मला कळायला गेल्या वर्षीची दिवाळी यावी लागली. मी चहा गाळत होते, तू मागं येऊन हळूच म्हणालीस, "कुंदे, सतरा नंबरचा फारम कोठी भेटते व?"

शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्याचा तो फॉर्म. तुला त्याचा नंबरसुद्धा पाठ होता. म्हणजे किती दिवस मनात धरून बसली होतीस?

सरिता भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, आई बसतात तं मी बी बसते. तिचं नववीतून राजूशी लग्न झालेलं. राजूनं दारातून ऐकलं आणि म्हणाला, सासूसुना दोघी नापास झाल्या तर त्यानं गावात तोंड कसं दाखवायचं. तू मागं वळूनही न पाहता म्हणालीस, "तू पयल्या खेपेले पास झालता का?" राजू बैलाला पाणी दाखवायला निघून गेला.

मी देवरीच्या कॉलेजात ग्रंथपाल, मराठी घेऊन बी.ए. झालेली. गणित मी दहावीनंतर जे सोडलं ते सोडलंच. पण तुम्हाला शिकवणार कोण? म्हणून दर शनिवारी आठवीचं पुस्तक घेऊन स्वतः बसायचे आणि रविवारी गावी येऊन तुम्हाला सांगायचे. दहावीच्या बीजगणितात शिरायचं तर आधी घातांक यायला हवेत, म्हणून तिथून सुरुवात केली.

समोरच्या पडवीवजा सपरीत चटई टाकून तुम्ही दोघी बसलात. मी वहीत दहा लिहिले आणि त्याच्या डोक्यावर उजवीकडं बारीक तीन. तू चष्मा वर खाली करून पाहिलंस. "हा तीन काऊन असा वर चढून बसला? खाली जागा नव्हती?" सरिता तोंडाला पदर लावून हसली.

मी सांगितलं, खालचा दहा हा पाया, वरचा तीन हा घातांक. तीन वेळा दहा घ्यायचे आणि त्यांचा एकमेकांशी गुणाकार करायचा. दोघींनी उत्तर लिहिलं तीस. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तीस. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला वाटलं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

पुढच्या रविवारी येताना खिडकीतून दोन्हीकडं बांध्यांमध्ये उन्हाळी धान उभं दिसलं, आणि मला तुमच्यासाठी उदाहरण मिळालं. एक दाणा पेरला, त्याचे दहा झाले. ते दहा पेरले, त्यांचे शंभर झाले. ते शंभर पेरले, हजार झाले. वरचा आकडा म्हणजे किती वेळा पेरलं ते.

तू पेन खाली ठेवून माझ्याकडं पाहिलंस. "एका दाण्याचे दहाच? कोणाच्या बांधीत पेरलं व तू?"

मी म्हटलं, हिशेबाला सोपं जावं म्हणून दहा धर. तू धरलेस, पण मन दुखलं तुझं. माझ्या त्या नापिकीवर तू पुढं कितीतरी दिवस बोलत होतीस. मी मात्र हे उदाहरण पक्कं आहे की नाही याची चिंता करत होते. खऱ्या शेतात दरवेळी तेवढंच थोडंच येतं? तुडतुडा लागतो, पाऊस दगा देतो. मी तसं बोलूनही दाखवलं, तर तू म्हणालीस, "तुडतुड्याचा घातांक कोणता?"

पण त्यानंतर तीस गेले ते गेले. दहाचा दुसरा घात गुणिले दहाचा तिसरा घात, असं लिहिलं की तू पुटपुटायचीस, दोनदा पेरलं, मग आणखी तीनदा पेरलं, झाले पाच. घातांकांची बेरीज. भागाकार आला की तितक्या पेरण्या मागं यायचं. घातांकांची वजाबाकी. मी नियम सांगायच्या आधी तुमची गणितं सुटायला लागली.

सरिता अडली ती घाताच्या घातापाशी. कंसात दहाचा दुसरा घात, आणि कंसाच्या बाहेर वर तीन. तिनं दोन आणि तीन पाच केले. तू तिला मागच्या बांधीची आठवण दिलीस, कालव्याच्या पाण्यावर वर्षाला दोन पिकं घेतो ती. तीन वर्षांत किती पेरण्या होतील? सरितेनं बोटांवर मोजलं आणि जीभ चावली. "सहा." तू म्हणालीस, "मंग एक पेरणी कोठी गेली होती, माहेरी?" त्या दिवशी तुमचं हसणं ऐकून शेजारच्या बायका डोकावल्या होत्या.

मी का सांगते आहे हे सगळं? तुला माहीतच आहे. पण लिहिलं नाही तर मी विसरेन अशी भीती वाटते.

मग तो दिवस आला. मी दहाच्या डोक्यावर शून्य लिहिलं.

तू लगेच म्हणालीस, शून्य वेळा पेरलं म्हणजे पेरलंच नाही. उत्तर शून्य. मी म्हटलं, नाही आई, उत्तर एक. मी भागाकारानं दाखवलं. हजाराला हजारानं भागलं तर एक येतो. तेच घातांकांनी केलं, तर तीन वजा तीन, वर राहतं शून्य. म्हणून दहाचा शून्य घात म्हणजे एक. तू तो भागाकार स्वतः करून पाहिलास. दहा काढून पाच घेतलेस, तरीही एकच. बरोबर आहे, म्हणालीस. आणि तरी उत्तराच्या जागी पेन टेकवलं नाहीस.

"भागाकार पटला मले," तू म्हणालीस. "पण पेरलंच नाई, तं ते एक कोठून आलं? न पेरता पीक येते का?"

मी पुस्तकं पाहिली. कॉलेजातल्या गणिताच्या सरांना विचारलं, त्यांनीही तोच भागाकार करून दाखवला आणि म्हणाले, मॅडम, हे मानून चालायचं असतं. तुला तसं सांगितलं, तर तू मान हलवलीस. मानायला तुझी हरकत नव्हती. देवाला मानतच होतीस की. पण लिहायचं ते पटल्यावर, हा तुझा हट्ट. मी घरीच एक सराव पेपर काढला, त्यात तू बाकी सगळं बरोबर लिहून ती एकच जागा रिकामी सोडलीस. आणि सरितेनंही सोडली! तिला उत्तर येत होतं, मला ठाऊक आहे. विचारलं तर म्हणाली, आईले पटलं नाई तं मी कशी लिहू.

तू म्हणालीस, "पटलं का लिहीन. घाई कायची आहे?"

घाई होती आई. आपल्याला कुणाला माहीत नव्हतं एवढंच. की तुला माहीत होतं?

हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. रोवणी संपत आली होती. तुझ्या छातीत दुखतं आहे हे तू सरितेला आदल्या दिवशी म्हणालीस, तेही ओवा मागताना. गॅस आहे म्हणालीस. त्याच्या आधी किती दिवस दुखत होतं? मला फोनवर का नाही सांगितलंस? शून्य घाताबद्दल विचारायला फोन करायचीस, आणि छातीबद्दल एक शब्द नाही! राजूनं गाडी केली, आमगावच्या डॉक्टरांनी गोंदियाला न्या म्हटलं, आणि वाटेतच सगळं आटोपलं. मी देवरीहून पोचले तेव्हा तुला सपरीत ठेवलं होतं. खाली चटई तीच होती.

तू कायमच अशी. भात टाकायच्या आधी तू माणसं मोजायचीस, एकेका माणसामागं तांदळाच्या मुठी. राजूच्या, सरितेच्या, लेकरांच्या, मी आले तर माझ्या. मी लहानपणापासून तुझ्यासोबत मनात मोजत आले आहे. तुझी मूठ मी कधी पडताना पाहिली नाही. विचारलं तर म्हणायचीस, "माझं होते त्यातच."

सरितेनं तुझी आणि तिची पुस्तकं तुझ्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकली. मी दर रविवारी जात राहिले, पण ती चटईवर बसेना. परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा मीच तिच्यासाठी सगळं करून आणलं. तिनं सही केली आणि म्हणाली, सही करते ताई, पण बसणार नाई. मी विचारलं, काऊन? ती चुलीत फुंकर घालत म्हणाली, "दोघी जाणार होतो. मी एकटी कायले जाऊ?"

मी तिला समजावलं का? फारसं नाही. मला भीती वाटायची, की मी तिच्यासाठी बोलते आहे की माझ्यासाठी. तुझं राहिलेलं तिच्याकडून पुरं करून घ्यावं, हा माझा लोभ तर नाही? ती सून आहे तुझी. तुझी इच्छा भरून ठेवायला ती काही पोतं नाही. म्हणून मी गप्प बसले. पण मार्च जवळ येतो आहे, आणि यंदा ती बसली नाही तर पुन्हा कधी बसणार नाही, हेही मला दिसत होतं. एकदा माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या घरात खाली येते कधी?

आज मी गेले तेव्हा धान चुरून, मळून झालं होतं. अंगणात पोती रचलेली, सगळीकडं भुसा. सरिता सपरीच्या आडव्या लाकडी बल्लीला लोंब्यांची जुडी बांधत होती. तुझं काम. बाकीचं बियाणं राजू दुकानातून आणतो, पण मागच्या बांधीचं बी तू घरचंच ठेवायचीस. कापणीच्या आधी भरदार लोंब्या निवडून बाजूला काढायच्या आणि जुडी बांधून सपरीत टांगायची. यंदा ते तिनं केलं, कुणी न सांगता. गाठ तुझ्यासारखी जमली नव्हती.

राजू पोती मोजून गेला. माझी सवय तुला माहीत आहे, मी सरितेला विचारलं, किती झालं. तिनं सांगितलं. मी विचारलं, हे बियाणं धरून का?

ती माझ्याकडं अशी पाहायला लागली, जणू मी भलतंच बोलले. "बी कोण मोजते ताई? बी पिकात धरत नाई. आई रागावतील."

आई रागावतील. असं म्हणाली ती, आणि मग आम्ही दोघीही त्या जुडीकडं पाहत राहिलो.

मी तिला विचारलं, तेव्हा मला पुढचं काय ते अजून नीट दिसलंही नव्हतं. म्हटलं, "सरिता, एक दाणा आहे. पेरलाच नाई. तं किती?"

"पीक?" ती म्हणाली. "काईच नाई."

"पीक नाई विचारत. तुझ्या हातात किती?"

तिचा हात अजून गाठीवरच होता. मग हळूच म्हणाली, "हातात तं तो दाणा आहेच." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे आईनं बी मोजलंच नाई."

हेच होतं गं! तू पीक मोजत होतीस. दहा म्हणजे एकदा पेरल्यावरचे, शंभर म्हणजे दोनदा पेरल्यावरचे. आणि एकदाही पेरलं नाही, तर जो दाणा घेऊन आपण बांधावर उभे आहोत, तो एक. तो कुठून आला नाही. तो आधीपासून होता. त्याच्यावरच तर पुढचे सगळे घात चढले. आपल्या घरात बी मोजायची रीत नाही, म्हणून तुला तो दिसला नाही. आणि मी तर उदाहरण दिलं होतं. मला तरी कुठं दिसला?

मी गणितातून भलते अर्थ काढणारी नाही. दहाचा शून्य घात एक आहे, तो तू असतीस तरी एकच असता. पण सरिता खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "भात टाकतानीबी अशाच मोजत होत्या." तेव्हा मलाही आवरलं नाही. तुझ्यानंतर आम्ही दोघी एकत्र अशा पहिल्यांदाच रडलो. आतापर्यंत आपापल्या जागी रडत होतो.

मग ती उठली, तोंड धुतलं, चहा टाकला. पुस्तकाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. माळ्यावरचं गाठोडं माळ्यावरच होतं. मी पिशवी उचलून निघाले. ती मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. बस येऊन थांबली तेव्हा म्हणाली, "ताई, अन् शून्याच्या खाली गेलं तं? दहाच्या डोक्यावर उणे एक लिहिलं तं? उणे एक वेळा कसं पेरते मानूस?"

मी पायरीवर एक पाय ठेवून उभी. कंडक्टर ओरडला. मी म्हटलं, मला येत नाही, बघून सांगते. ती म्हणाली, "पटन असं सांगजा. नाई तं मी जागा रिकामी सोडीन."

ऐकलंस आई? रिकामी सोडायला आधी पेपरला बसावं लागतं.

खोटी आशा मी तुला देणार नाही. तुझा नंबर कुठल्याही बेंचवर नसेल. परीक्षेचा अर्ज भरायच्या आधीच तू गेलीस, आणि सरिता तिच्या नंबराशी बसली तरी तो तिचाच असेल, तुझा नाही. मला ते धरून चालायला हवं. पण शब्द देते. मार्चमध्ये ती निघाली, तर आमगावच्या त्या फाटकाबाहेर मी उभी राहीन, पेपर संपेपर्यंत, तू उभी होतीस तिथं. ती बाहेर आली की पेपर कसा गेला हे विचारणार नाही. नंबर कशानं चिकटवला होता, ते विचारीन.

आणि घरी भात टाकायची वेळ माझ्यावर आली, तर टाकणारीची मूठ आधी टाकीन. सरितेलाही तसंच करायला लावीन. तू रागावलीस तरी.

तुझी,
कुंदा

उद्या : दहाचा उणे एक घात. सरितेला पटेल असं शोधणे.